२२ इंची केटलवर अख्खं ब्रिस्केट : प्रकल्प नोंदी

ठिकाण : ऑस्टिनजवळ, मध्य टेक्सस. घरामागचं उघडं अंगण. काम एवढंच की मोठा ऑफसेट स्मोकर (बाजूला वेगळी भट्टी असलेली धुरावण्याची पेटी) न घेता, साध्या केटलवर, म्हणजे झाकणाच्या गोल कोळसा-शेगडीवर, अख्खं ब्रिस्केट (गुराच्या छातीचं मांस) मऊ, रसाळ आणि नीट धुरावलेलं काढायचं. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत. इथल्या पाककृतींत २२५ ते २५० फॅरनहाइट असतं, ते १०७ ते १२१ अंश धरावं.

शनिवार, १ मार्च २०२५ : भांडं आणि त्याच्या फटी

वेबरची केटल, व्यास सुमारे ५७ सेंमी. १९५२ साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफनने धातूच्या बोयाचे दोन अर्धगोल वापरून हा आकार काढला. त्याला वारा अडवून स्टेक भाजायचे होते. दहा-बारा तास मंद आच धरणं हे या भांड्याचं मूळ काम नव्हे, ते त्याच्याकडून करून घ्यावं लागतं. म्हणून मांस आणण्याआधी हवा कुठून कुठून आत येते ते पाहिलं.

अंधार पडल्यावर आत विजेरी ठेवून झाकण बसवलं. खालच्या झडपा बंद असतानाही एका पात्याच्या कडेने उजेडाची रेघ दिसत होती. पात्याखाली जुनी राख आणि चरबी घट्ट बसली होती, ती पत्र्याच्या खरवडणीने काढली. पातं किंचित वाकलं होतं, ते हातानेच सरळ झालं. झाकण आणि भांड्याच्या काठातली फट एका बाजूला जास्त आहे. तिथे कागदपत्रांना लावतात त्या मोठ्या पोलादी क्लिपा दोन लावल्या की झाकण घट्ट बसतं. क्लिपांवर प्लास्टिकचं आवरण नको, ते वितळतं.

झाकणावरच्या गोल तापमापकावर भिस्त ठेवायची नाही. तो घुमटातल्या हवेचं तापमान सांगतो, मांस असतं खाली जाळीवर. दोन प्रोबचा, म्हणजे वायरीला जोडलेल्या दोन टोकदार सळयांचा, डिजिटल तापमापक घेतला. एक प्रोब मांसात, दुसरा जाळीवर चिमट्याने बसवलेला, मांसापासून तीनेक सेंमी दूर आणि निखाऱ्यांच्या थेट वर येणार नाही असा. दोन्ही प्रोब आधी उकळत्या पाण्यात धरून तपासले. ऑस्टिनची उंची फार नाही, तेव्हा १०० च्या आसपासच दाखवायला हवं. एक प्रोब २ अंश कमी दाखवतो. त्याच्या वायरीला लाल चिकटपट्टी.

रविवार, २ मार्च : मांसाविना आच

कोळसा म्हणून ब्रिकेट घेतले, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या सारख्या मापाच्या वड्या. लाकडी कोळशाचे वेडेवाकडे तुकडे जास्त तापतात, पण त्यांच्यात मोठी-छोटी पोकळी राहते आणि मंद आचेचा हिशोब लागत नाही. ‘लगेच पेटणाऱ्या’ रसायन लावलेल्या वड्या या पद्धतीत चालतच नाहीत. इथे न पेटलेल्या वड्या दिवसभर एकामागून एक पेटत राहतात, त्यामुळे दर वडीबरोबर रॉकेलसारखा वास मांसाला लागतो.

रचना : कोळशाच्या जाळीवर, भांड्याच्या काठाला लागून वड्यांची माळ. खाली दोन वड्या शेजारी-शेजारी, त्यांच्यावर दोन, आणि प्रत्येक जोडी मागच्या जोडीवर किंचित रेललेली. वर्तुळाचा पाऊण भाग भरला, त्याला सुमारे ११० वड्या लागल्या. शेवट आणि सुरुवात यांच्यात हातभर नाही तरी चांगली वीतभर मोकळी जागा हवी, नाहीतर आग दोन्ही टोकांनी धरते. मधल्या मोकळ्या जागेत ॲल्युमिनियमची वापरून टाकायची परात, तिच्यात दीड लिटर उकळतं पाणी. गार पाणी ओतलं तर पहिला तास सगळी उष्णता ते पाणी तापवण्यातच जाते.

१२ वड्या चिमणीत (कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात) पेटवून, कडा पांढऱ्या झाल्यावर माळेच्या एका टोकाला ठेवल्या. पुढचं :

९:२० – झाकण लावलं. वरची झडप पूर्ण उघडी, खालची अर्धी.
९:४५ – जाळीवर ९८. खालची झडप पाव उघडी केली.
१०:१५ – ११४.
११:०० – १२१. खालची झडप अगदी बोटभर फटीवर.
१२:३० – ११९.
१:१० – उत्तरेचा वारा सुटला, १३७ पर्यंत चढलं.
१:४० – वाऱ्याच्या बाजूला प्लायवूडचा आडोसा, केटलपासून दोन हात लांब. १२३ वर आलं.
४:०० – ११७.
६:१५ – माळ संपत आली, १०२ आणि उतार सुरू.

यातली कामाची गोष्ट म्हणजे ९८ ला झडप आवळणं. १२० झाल्यावर आवळली तर उशीर झालेला असतो. तोवर पाच-सहा वड्या जादा पेटलेल्या असतात आणि पेटलेली वडी विझवायला झडप फार वेळ घेते. चढतानाच पकडायचं.

वरची झडप मात्र कधीही आवळायची नाही. ती बंद केली की धूर आत कोंडतो, लाकूड नुसतं घुसमटत राहतं आणि दाट पांढरा धूर मांसावर काजळीचा कडू थर चढवतो. हवा खालून मोजून द्यायची, वरून मोकळी सोडायची.

शनिवार, ८ मार्च : चक रोस्टवर चाचणी

१.४ किलोचा खांद्याचा तुकडा. ब्रिस्केटसारखाच कामकरी स्नायू, कोलॅजेन (तंतू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) भरपूर, आणि बिघडला तरी खिसा फार हलका होत नाही. मीठ १४ ग्रॅम, मिरी भरड, धुरासाठी पोस्ट ओकच्या लाकडाचे दोन तुकडे. साडेनऊला जाळीवर.

एक वाजता आतलं तापमान ६७. साडेतीनला ६९. अडीच तासांत दोन अंश. बार्बेक्यूवाले याला स्टॉल म्हणतात, आणि नवखा माणूस इथेच घाबरून खालच्या झडपा उघडतो. कारण साधं आहे : मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, उन्हाळ्यात माठ जसा पाणी गार ठेवतो तसंच. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० ज्यूल लागतात. तेवढ्याच उष्णतेत अर्धा लिटरहून जास्त पाणी एक अंशाने तापलं असतं. पृष्ठभागावर उडण्याजोगं पाणी आहे तोवर केटलमधून मिळणारी उष्णता आणि वाफेबरोबर जाणारी उष्णता बरोबरीत राहते, आकडा हलत नाही. चरबी वितळते म्हणून किंवा कोलॅजेन विरघळतं म्हणून स्टॉल येतो असं पूर्वी सर्रास सांगत. त्या दोन्हींना लागणारी उष्णता यापुढे किरकोळ आहे.

तेव्हा उपाय दोन. एक, वाट पाहणं. दुसरा, गुंडाळून वाफेची वाट बंद करणं. चक रोस्ट पावणेचारला फॉइलमध्ये गुंडाळला, ५:५० ला ९६. काटा लावताच तंतू सुटले. पण वरचं कवच भिजून पिठूळ झालं. फॉइल पाणी अजिबात सोडत नाही, त्याचा हा दाम. ब्रिस्केट गुंडाळायला कागद.

गुरुवार, २० मार्च : मांसाची निवड

अख्खं ‘पॅकर’ (दोन्ही स्नायू जोडलेलं) ब्रिस्केट, हवाबंद पिशवीत, ६.३ किलो, यूएसडीएची (अमेरिकी कृषिखात्याची) चॉइस प्रत. तिच्या वरच्या प्राइममध्ये स्नायूच्या आतली चरबी जास्त असते आणि ती फ्लॅटच्या, म्हणजे ब्रिस्केटच्या पातळ भागाच्या, चुका पोटात घालते. खालची सिलेक्ट या कामाला घेऊच नये, फ्लॅट कोरडा पडणार हे ठरलेलंच.

ब्रिस्केट म्हणजे छातीचे दोन स्नायू एकमेकांवर. खालचा पातळ, चपटा, कमी चरबीचा तो फ्लॅट. वरचा जाड, चरबीदार तो पॉइंट. दोघांच्या मध्ये चरबीचा जाड पट्टा, आणि दोघांच्या तंतूंची दिशा वेगळी. सगळी अडचण यात आहे : फ्लॅट आणि पॉइंट एकाच वेळी शिजवायचे, पण दोघांना लागणारी वागणूक एक नाही.

दुकानात बघायचं ते फ्लॅटचं टोक. तिथे जाडी किमान अडीच-तीन सेंमी आणि शक्यतो सगळीकडे सारखी हवी. टोक निमुळतं होत पापडाएवढं उरलं असेल तर तेवढं कापूनच टाकावं लागतं, आणि त्याचे पैसे मात्र मोजलेले असतात. पिशवी मधोमध धरून उचलावी. दोन्ही बाजू सैल लोंबल्या तर मांस बरं, फळीसारखं ताठ राहिलं तर चरबीचा टणक भाग जास्त.

या केटलला साडेसहा किलोच्या वरचं घेऊ नये. माळ आणि पाण्याची परात सोडून अप्रत्यक्ष आचेची जागा ४० ते ४२ सेंमी मिळते. कापलेलं ब्रिस्केट त्याहून थोडं लांबच असतं. फॉइलचा मुठीएवढा घट्ट गोळा मधोमध खाली ठेवून त्याला पाठीवर उंचवटा द्यायचा. तीन-चार तासांत मांस आकसतं, मग गोळा काढून घ्यायचा. गोळा ठेवताना उंचवट्यावर पाण्याचं डबकं साचत नाही ना ते पाहावं.

शुक्रवार, २१ मार्च : छाटणी आणि मीठ

थेट फ्रिजमधून काढून, गारच कापायचं. चरबी कोमट झाली की सुरीखाली सरकते आणि तिच्याबरोबर मांस जातं. १५ सेंमीची लवचीक बोनिंग सुरी पुरते.

क्रम असा ठेवला. आधी मांसाची बाजू वर : चंदेरी पडदा आणि सुटलेली चरबी पातळ सोलून काढली. मग पॉइंट आणि फ्लॅटच्या मधला टणक, मेणचट चरबीचा गाठोडा. बारा तासांतही हा वितळत नाही, म्हणून खोल कोरून काढला. पण दोन स्नायू एकमेकांपासून सुटतील एवढं आत जायचं नाही. मग उलटं करून वरची चरबी ६ मिलिमीटरवर आणली. यापेक्षा जाड ठेवली तर तिच्यावरचं मीठ-मिरीचं कवच खाताना चरबीबरोबर बाजूला निघतं. यापेक्षा पातळ केली तर फ्लॅट उघडा पडतो. मिलिमीटरचा अंदाज बोटाने येतो : दाबल्यावर खालचं मांस जाणवायला लागलं की थांबावं. शेवटी कोपरे गोल केले आणि फ्लॅटचं दोन सेंमीपेक्षा पातळ टोक कापलं. चौकोनी कोपरे पहिल्या चार तासांत कोळसा होतात.

६.३ किलोचे ५.१ किलो उरले. गेलेल्यात ९०० ग्रॅम चरबी, ३०० ग्रॅम मांस. चरबी बारीक चिरून, अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर कढवली. तासाभरात पाणी उडून गेलं, गाळून सुमारे ६०० मिली टॅलो मिळालं. मांसाचा खिमा केला. खिम्याच्या बर्गरला आत ७१ अंश गाठायलाच हवेत. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले असतात.

मीठ ५१ ग्रॅम, म्हणजे छाटलेल्या वजनाच्या एक टक्का, जाड खडे. चमच्याने मोजण्यात अर्थ नाही, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या कोशर (जाड खड्यांच्या) मिठात चमच्याचं वजन जवळजवळ दुपटीने बदलतं. मीठ लावून, तारेच्या जाळीवर, उघडंच रात्रभर फ्रिजमध्ये. पृष्ठभाग कोरडा झाला की उद्या कवच लवकर धरतं.

मिरी देशी दुकानातली अख्खी काळी, ४० ग्रॅम. मिक्सरमध्ये घातली तर निम्मी भुकटी होते, म्हणून खलबत्त्यात ठेचली आणि रव्याच्या चाळणीने चाळली. खाली पडलेलं पीठ सारात-रश्शात जाईल. वर राहिलेली भरडच मांसाला. पीठ लावलं तर चिखलासारखा थर बसतो आणि करपून कडू लागतो.

लसूण-कांद्याची पूड, लाल तिखट, साखर काही नाही. मध्य टेक्ससची रीत जर्मन आणि चेक खाटिकांच्या दुकानांतून आली आहे : मीठ, मिरी, ओकचा धूर. लॉकहार्टमधलं क्राइट्स मार्केट १९०० पासून आणि ब्लॅक्स १९३२ पासून याच वाटेवर आहे. गोड सॉसचं बार्बेक्यू उत्तरेला, कॅन्सस सिटीकडचं. ते आपल्या जागी उत्तम, पण पहिल्या कामात साखर घातली तर कवच करपलं की पिकलं हे रंगावरून कळत नाही.

शनिवार, २२ मार्च : मुख्य काम

माळ पुन्हा पाऊण वर्तुळाची. पोस्ट ओकचे चार तुकडे, प्रत्येकी ८० ते १०० ग्रॅम, माळेच्या पहिल्या अर्ध्या भागावरच. गार आणि ओलसर पृष्ठभाग धूर चांगला धरतो. गुंडाळल्यावर धुराचा काही उपयोग नाही. लाकूड पाण्यात भिजवलेलं नाही. भिजवलेला तुकडा आधी वाफ सोडतो, मग पेटतो, एवढाच फरक पडतो.

माळेचं पेटतं टोक पॉइंटच्या बाजूला. आग दिवसभर काठाने फिरत फिरत फ्लॅटच्या टोकाशी पोचते तोवर मांस गुंडाळलेलं असावं, असा हिशोब. वरची झडप नेहमी आगीच्या समोरच्या बाजूला, म्हणजे धूर मांसावरून वाहत जातो. दर दोन तासांनी झाकण जागच्या जागी थोडं फिरवत राहायचं.

५:०० – चिमणी पेटवली.
५:२५ – १२ वड्या टोकाला.
५:४५ – मिरी लावून मांस जाळीवर, चरबीची बाजू खाली, फ्लॅटच्या टोकाखाली फॉइलची दुपदरी पट्टी. आतलं तापमान ४, जाळीवर ११२. पहिली दहा मिनिटं धूर पांढरा, मग निळसर पातळ झाला.
७:३० – जाळीवर १२०.
८:४५ – पहिल्यांदा झाकण उघडलं. कडा सुकल्या होत्या, तिथेच पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात फवारलं. फॉइलचा गोळा काढला. झाकण चाळीस सेकंद उघडं. खाली आलेलं तापमान परत चढताना १२८ पर्यंत गेलं. उघड्या झाकणातून नुसती उष्णता जात नाही, निखाऱ्यांना भरपूर हवाही मिळते, आणि ती चढ पंधरा मिनिटांनी दिसते. तेवढ्यासाठी झडपेला हात लावायचा नाही.
१०:१५ – फ्लॅट ६४.
११:३० – ६८. परातीत उकळतं पाणी अर्धा लिटर.
१२:४५ – ६९.
१:०० – गुंडाळलं.
२:१५ – माळ संपत आली. कागदासकट घरातल्या ओव्हनमध्ये, १२० अंशांवर. नवी माळ रचायची आणि पेटवायची खटपट इथे फुकट आहे. कागदाच्या आत धूर फारसा जात नाही आणि उष्णतेला चव नसते.
३:१० – ८४.
५:०० – ९३. पॉइंट मऊ. फ्लॅटच्या मध्यात प्रोब अजून अडतो.
५:५० – ९६. फ्लॅटमध्येही प्रोब लोण्यात जावा तसा गेला. बाहेर.

गुंडाळायची वेळ ६९ या आकड्याने ठरवली नाही. कवच नखाने खरवडून पाहिलं : सुटलं नाही, नखाखाली काळी पूड आली नाही, रंग गडद, लालसर तपकिरीच्या पलीकडे काळ्याकडे झुकलेला. कवच तयार नसताना गुंडाळलं तर नंतर ते कधीच तयार होत नाही. मेणाचा थर नसलेला, अन्नासाठीचा गुलाबी बुचर पेपर, ६० सेंमी रुंद, दोन पदर. आत चार चमचे टॅलो. कागद चरबी पितो, थोडी वाफ बाहेर सोडतो, म्हणून स्टॉल तुटतो आणि कवचही उरतं. आता चरबीची बाजू वर केली. ओव्हनमध्ये आच चारी बाजूंनी सारखीच असते.

५:०० आणि ५:५० मधल्या पन्नास मिनिटांवर सगळं अवलंबून होतं. ९३ ला काढा असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. कोलॅजेनचं जिलेटिन होणं तापमान आणि वेळ दोन्हींवर चालतं, आणि दर जनावरागणिक बदलतं. कधी ९२ ला फ्लॅट सुटतो, कधी ९७ लागतात. ९० झाल्यावर दर वीस-तीस मिनिटांनी प्रोब खुपसून पाहायचा, तोही फ्लॅटच्या जाड भागात. पॉइंट तासभर आधीच मऊ होतो आणि फसवतो.

काढल्यावर कागद उघडून ओट्यावर ठेवलं, आतलं तापमान ८० पर्यंत येऊ दिलं. तसंच गरम बंद केलं तर आत शिजणं चालूच राहतं आणि काप भुगा होतात. मग पुन्हा गुंडाळून, जुन्या टॉवेलात, कढत पाण्याने आधी तापवून कोरड्या केलेल्या कूलरमध्ये, ६:३० ला. ८:४५ ला बाहेर काढलं तेव्हा ६५. कितीही वेळ ठेवलं तरी ६० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. विसाव्याच्या या दोन तासांत जिलेटिन दाटतं आणि कापताना फळीवर वाहून जाणारा रस मांसातच थांबतो.

कापणं : आधी जिथे पॉइंट सुरू होतो तिथे आडवं कापून दोन भाग. फ्लॅट तंतूंच्या आडवा, ६ मिलिमीटर. पॉइंट काटकोनात फिरवून, ९-१० मिलिमीटर. लांब, बारीक दातऱ्यांची सुरी; साध्या सुरीने कवच मांसापासून सुटतं.

रविवार, २३ मार्च : तपासणी

शिजलेलं वजन ३.२ किलो. छाटलेल्या वजनातून ३७ टक्के गेलं. विकत घेतलेल्या वजनाच्या जेमतेम निम्मं ताटात आलं. पाहुण्यांचा हिशोब कच्च्या वजनावर करताना माणशी ४०० ग्रॅम धरावेत.

फ्लॅटचा काप बोटावर टाकला : दोन्ही बाजूंनी वाकला, तुटला नाही, दोन टोकं हलकी ओढल्यावर सुटला. हे हवं तसंच. काप ओढूनही तुटत नसेल, रबरासारखा ताणत असेल आणि तोंडात कोरडा लागत असेल तर तो कमी शिजलेला आहे, जास्त नव्हे. लोक नेमकं उलटं समजतात आणि पुढच्या वेळी लवकर काढतात. उचलतानाच काप गळून पडला तर जास्त शिजला.

कवचाखाली गुलाबी कडं ८ मिलिमीटर. धुरातला नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला) चिकटून तो रंग टिकवतात. मायोग्लोबिन तापून बदललं की कडं वाढणं थांबतं, म्हणून पहिले काही तासच त्याचे. दिसायला देखणं, पण चवीचा पुरावा म्हणून धरू नये. नायट्राइटचं क्युरिंग मीठ लावून ओव्हनमध्येही असं कडं आणता येतं.

उरलेलं दोन तासांच्या आत पसरट डब्यांत भरून फ्रिजमध्ये. चार दिवसांच्या आत संपवणे. गरम करताना काप न करता, टॅलोचा चमचा घालून झाकून, ७४ अंशांपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये पातळ काप चामडं होतात. फ्लॅटच्या टोकाचा कडक पाच सेंमीचा भाग बारीक चिरून पावात.

बुधवार, २६ मार्च

राख काढली. परातीतली चरबी गोठल्यावर खरवडून कचऱ्यात, मोरीत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूचे काळे पापुद्रे रंग नव्हे, साठलेली चरबी-काजळी. ब्रशने झाडले, नाहीतर पुढच्या वेळी मांसावर पडतात.

शनिवार, ५ एप्रिल : फॉइलची होडी, जास्त आच

६.१ किलो, छाटून ४.९. दोन बदल : जाळीवर १३५, आणि पूर्ण न गुंडाळता फॉइलची होडी, म्हणजे खालून आणि बाजूंनी दुपदरी फॉइल, वरून उघडं. माळ खाली तीन, वर दोन वड्यांची. मांस सुरुवातीपासून चरबीची बाजू वर.

होडीत ७४ ला ठेवलं. कवच कागदापेक्षा कुरकुरीत, पॉइंटची चरबी जास्त चांगली उतरली, फ्लॅटचा तळ स्वतःच्या रसात शिजला. सुरुवातीपासून काढेपर्यंत साडेनऊ तास. पण फ्लॅटच्या बाजूने आग जाताना त्या कडेला १५० च्या वर गेलं आणि तीन सेंमीची किनार टणक झाली. या केटलमध्ये १३५ वर आग आणि मांस यांच्यातलं अंतर अपुरं पडतं. होडी ठेवू, आच १२० वर परत आणू. निदान चॉइस प्रतीला तरी.

शनिवार, १२ एप्रिल : महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी फरक

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. बाजारात मिळतं ते म्हशीचं मांस. ते कमी चरबीचं, बहुधा वयस्क जनावराचं, आणि चरबीच्या टोपीसकट अख्खी छाती कापून देण्याची पद्धत नाही. वरचं वेळापत्रक जसंच्या तसं लावलं तर लाकूड हाती येईल. छातीचा किंवा खांद्याचा दीड-दोन किलोचा सलग तुकडा घ्यावा, मीठ एक टक्का, ११५ ते १२० वर अडीच-तीन तास धूर. मग कागद नको. खोल भांड्यात एक वाटी यखनी आणि दोन-तीन चमचे चरबी किंवा तूप घालून फॉइलने घट्ट बंद करून प्रोब सहज जाईपर्यंत शिजवावं. वयस्क मांसाला जास्त वेळ लागतो, म्हणून इथेही आकड्यापेक्षा प्रोबच खरा.

लाकडात वेडी बाभूळ सगळीकडे मिळते. ती टेक्ससच्या मेस्कीटचीच जातभाई. मेस्कीट इथे दक्षिण आणि पश्चिम टेक्ससमध्ये स्टेकसाठी, उघड्या तापट निखाऱ्यांवर वापरतात. लांब धुराला ती कडक पडते. तेव्हा वेडी बाभूळ चांगली वर्षभर वाळलेली घ्यावी, साल काढावी, आणि ओकच्या चार तुकड्यांच्या जागी दोनच ठेवावेत. इमारतीचं, रंगवलेलं, प्लायचं आणि चिकाचं लाकूड अजिबात नको.

पुढच्या कामासाठी ठरलेलं : पाऊण माळ, दोन बाय दोन, ओक चार, १२० अंश, ७४ ला होडी, माळ संपली की ओव्हन, ९० पासून दर वीस मिनिटांनी प्रोब, कूलरमध्ये किमान दोन तास. झाकणाला क्लिपांऐवजी फेल्टची उष्णतारोधक पट्टी लावायची बाकी आहे.